लेखी द्या

शाळा कधी 'नाही' म्हणत नाही. गोरेगावात विशेष शिक्षिका म्हणून सव्वीस वर्षं काढली, पूर्व-पश्चिम मिळून पन्नासेक शाळांच्या पायऱ्या झिजवल्या, पण 'हे मूल आम्ही घेणार नाही' असं सरळ तोंडावर सांगणारं माणूस मला एकदाही भेटलं नाही. जागा भरलेल्या असतात. ट्रेन्ड टीचर नसते. बाकीचे पालक काय म्हणतील याची काळजी असते. आणि सगळ्यात शेवटी आवाज खाली आणून, 'मी तुमच्या मुलाच्याच भल्यासाठी सांगतेय हो,' हे वाक्य येतं. त्याच्या आधी बहुधा चहा येतो. पुढेपुढे तर शिपाई ट्रे घेऊन आत आला की मला कळायचं, इथे प्रवेश होत नाही. मूल घ्यायचंच असलं तर मुख्याध्यापिका चहा विचारत बसत नाहीत, क्लार्कला हाक मारून फॉर्म मागवतात.

१९९८ साली मी मतिमंद मुलांच्या शिक्षणाची पदविका घेऊन बाहेर पडले. तेव्हा शब्द हाच होता, शाळांच्या पाट्यांवरही तोच. मोतीलाल नगरात एका बैठ्या घराच्या दोन खोल्यांत एका संस्थेचं केंद्र चालायचं, तिथे सुरुवात झाली. पुढे तिथूनच आसपासच्या शाळांत जायचं काम आलं. फिरती शिक्षिका. ठोक मानधन, अकरा महिन्यांचा करार, जूनमध्ये नवा कागद. मुलांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या बाईला स्वतःच्या नोकरीचा भरवसा नव्हता, पण ते रडगाणं इथे नको.

आमच्या अभ्यासक्रमात कायद्याला दोन पानं होती. अपंग व्यक्ती अधिनियम १९९५. अंमल ७ फेब्रुवारी १९९६पासून. अपंगत्वाचे प्रकार सात. सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा. पाच गुणांचा प्रश्न ठरलेला. ते सात प्रकार मी झोपेतही म्हणून दाखवले असते. त्या सातांत स्वमग्नता नाही, अध्ययन अक्षमता नाही, हे परीक्षेत कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. शिक्षणाचं कलम एका ओळीत सांगता येण्यासारखं होतं: अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला अठराव्या वर्षापर्यंत योग्य वातावरणात मोफत शिक्षण. 'योग्य वातावरण' या दोन शब्दांनी पुढची कित्येक वर्षं मला आणि माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांना किती फिरवलं, ते आता सांगते.

नोकरीचं दुसरंच वर्ष. एका शाळेत सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी चौथी पास झाली होती. हुशार, बोलणं जरा जड, भिंतीला धरून चालायची. पाचवीचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे अहवाल मागितला. मी अभिमानाने दीड पानाचा अहवाल लिहिला आणि खाली शिफारस केली: 'सदर विद्यार्थिनीस योग्य वातावरण मिळण्यासाठी विशेष शाळेत पाठवावे.' ती विशेष शाळा दोन स्टेशनं पलीकडे होती आणि तिथे बुद्धीने मंद असलेल्या मुलांचे वर्ग होते. या मुलीच्या बुद्धीला काहीही झालेलं नव्हतं. तरी मी लिहिलं.

तिची आई टोपीवाला मंडईच्या बाहेर भाजीची पाटी घेऊन बसायची. तो कागद घेऊन ती केंद्रात आली आणि म्हणाली, ''बाई, वाचून दाखवा.'' मी वाचला. ती म्हणाली, ''म्हंजे जिना चढता येत नाही म्हणून शाळा बदलायची?'' मी म्हटलं, तसंच काहीसं. ''मग वर्ग खाली आणा की. पोरगी वर न्यायची अवघड, बाकडी खाली आणायला काय अवघड?''

मी तिला समजावलं, अहो, शाळेत असं करता येत नाही. तर तिचा पुढचा प्रश्न, ''असं कायद्यात लिवलंय का?''

मला माहीत नव्हतं. घरी जाऊन ती दोन पानं काढली, पुरेनात म्हणून दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीकडून अख्खा कायदा आणला. त्यात शाळा-कॉलेजांच्या इमारतींतले अडथळे दूर करण्याबद्दल वेगळं कलमच होतं. म्हणजे भाजीवाली बाई जे सांगत होती तेच. वातावरण योग्य असेल तिथे मूल पाठवायचं, असा अर्थ मी लावून बसले होते. मूल आहे तिथलं वातावरण योग्य करायचं, हाही त्याच दोन शब्दांचा अर्थ होता आणि तो मला कुणी शिकवला नव्हता. मी अहवाल मागे घेतला, नवा लिहिला. एका शनिवारी शाळा सुटल्यावर पाचवी ब तळमजल्यावर चित्रकलेच्या खोलीत आली. दोन शिपाई आणि आठवीची चार मुलं, अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासाच्या हमालीसाठी मी एका मुलीची शाळा बदलायला निघाले होते. पहिला अहवाल मी फाडला नाही. अजून कपाटात आहे.

'लेखी द्या' हे दोन शब्द मात्र माझे नाहीत. ते मला बेस्टमधल्या एका कंडक्टरने दिले. त्यांच्या मुलाला डाऊन सिंड्रोम. एका शाळेत आम्ही दोघं गेलो, चहा आला, जागा भरल्याचं कळलं. हे गृहस्थ शांतपणे खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवत म्हणाले, ''मॅडम, एवढं लिहून द्या. आमच्या खात्यात तोंडी काही चालत नाही, साधी रजासुद्धा लेखी लागते.'' त्यात धमकी नव्हती, आवाजात खोच नव्हती. नोकरीत अंगवळणी पडलेली सवय होती नुसती. बाई पेनाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, दोन दिवसांनी या. दोन दिवसांनी फॉर्म मिळाला.

तेव्हापासून मी जाईन तिथे हे दोन शब्द नेले. लिहायचं म्हटलं की माणूस स्वतःचं वाक्य स्वतःच वाचायला लागतो, आणि वाचलं की ते त्यालाच बरं वाटत नाही. अर्थात दर वेळी जमलं नाही. एका शाळेने खरोखर लिहून दिलं: 'विद्यार्थ्याच्या वर्तनामुळे प्रवेश देणे शक्य नाही.' खाली सही, शिक्का. पालक रडायला लागले. मी म्हटलं, रडू नका, हा कागद सोन्याचा आहे.

त्या कागदाचं पुढे काय झालं ते सांगण्याआधी गोरेगावबद्दल थोडं. हे मृणाल गोऱ्यांचं गाव. पाणीवाली बाई म्हणून सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाल्या त्या इथूनच. माझ्या पालकगटात सात आया होत्या. त्यांतल्या एकीची सासू मृणालताईंच्या मोर्चात हंडा घेऊन गेलेली. सून नळाच्या पाण्यात वाढली, हंड्याच्या जागी तिच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी होती आणि पिशवीत मुलाची फाइल. या बायकांना वॉर्ड ऑफिसचा जिना नवा नव्हता. कायद्याची भाषा त्यांना माझ्यामुळे कळली असेल, पण दारात बसून राहायचं कसं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

तर तो कागद. तोपर्यंत शिक्षण हक्क कायदा आला होता. १ एप्रिल २०१० पासून अंमल, आणि २०१२च्या दुरुस्तीने अपंगत्व असलेली मुलं त्यातल्या वंचित घटकांत धरली गेली. आम्ही अर्ज केला, सोबत त्या कागदाची प्रत जोडली आणि पुण्याला अपंग कल्याण आयुक्तांकडे रजिस्टर पोस्टाने पाठवला. (२०२५च्या सप्टेंबरात टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं तेव्हा मला उगीचच कुणी जवळचं गेल्यासारखं वाटलं. त्या गुलाबी पोचपावत्यांवर माझ्या कामाचा अर्धा डोलारा उभा होता.) आयुक्तांना अशा तक्रारींत दिवाणी न्यायालयासारखे समन्स काढण्याचे अधिकार असतात. पुण्याहून शाळेला पत्र गेलं. महिन्याभरात मुलाला प्रवेश मिळाला. आयांनी मला घरी बोलावून पुरणपोळी खायला घातली.

वर्षाच्या शेवटी मी त्याच्या वर्गात गेले. मुलगा शेवटच्या बाकावर एकटा. समोर चित्र रंगवायची वही. जूनपासून तीच वही. पानं संपली की पुन्हा पहिल्यापासून, रंगवलेल्यावरच रंग. काही पानं खडू घासून घासून फाटली होती. वर्गशिक्षिकेला मी जरा चढ्या आवाजात विचारलं. ती पोरसवदा मुलगी होती, माझ्यापेक्षा कमी पगाराची असावी. ती म्हणाली, ''मॅडम, माझ्याकडे अठ्ठावन्न मुलं आहेत. हा एकोणसाठावा नोटीस घेऊन आला. तुम्ही वर्षात किती वेळा आलात?''

दोनदा. प्रवेशाच्या दिवशी आणि त्या दिवशी. माझ्याकडे तेव्हा अकरा शाळा आणि चौसष्ट मुलं होती, हे खरं असलं तरी ते तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने पुढे ऑक्टोबर २०२१मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला दहा मुलांमागे एक, माध्यमिकला पंधरांमागे एक. निकाल वाचला तेव्हा मला ती मुलगी आठवली. दहा मुलं माझ्याकडे असती तर मी त्या वर्गात आठवड्यातून दोनदा तरी गेले असते. त्यानंतर मी क्रम बदलला. आधी वर्गशिक्षिकेला भेटायचं, मुख्याध्यापिकांना नंतर, आणि कायद्याचं नाव शेवटी. वर्गशिक्षिकेला विचारायचं, तुला नक्की कशाची भीती वाटते? उत्तरं फार साधी असायची. 'तो शूला सांगत नाही.' 'मधेच उठून जिन्याकडे पळतो, पडला तर माझ्यावर येईल.' मग शूसाठी चित्राचं कार्ड, जिन्याकडच्या दाराला वरची कडी, दाराजवळच्या बाकावर एखादा धट्टाकट्टा मित्र. हे कुठल्याही कायद्यात नाही, पण ते केल्यावर कायदा काढायची वेळ क्वचित यायची. बेस्टवाल्या कंडक्टरचं पेन तरीही पर्समध्ये असायचंच.

पेनाबरोबर टेपही असायची, शिंप्याची. रॅम्पचा हिशोब सोपा: एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी हवी. दोन पायऱ्या म्हणजे साधारण फूटभर, म्हणून बारा फुटांचा उतार. अनेक शाळांनी तो चार फुटांत बसवलेला असायचा. असल्या घसरगुंडीवरून व्हीलचेअर वर जात नाही आणि खाली येते ती थेट गेटपर्यंत. पाहणीच्या फॉर्ममध्ये मात्र 'रॅम्प आहे का? होय/नाही' एवढंच विचारलेलं, त्यामुळे सगळीकडे 'होय'. खरा गमतीचा प्रकार निवडणुकीत. शाळा मतदान केंद्र असली की आदल्या दिवशी लाकडी रॅम्प यायचा, छान, रुंद, कठडा असलेला. मतदान झालं की ट्रकमध्ये घालून परत. एकदा मी त्या ट्रकवाल्याला विचारलं, ठेवता का इथेच? तो म्हणाला, ''ताई, मोजून दिलाय, मोजून न्यायचाय.''

आता दाखल्यांचं. या विषयावर मी वेगळं पुस्तक लिहू शकेन आणि ते कुणी वाचणार नाही.

नागरी निवारा वसाहतीतल्या एका बाईंचा मुलगा स्वमग्न. बसच्या खिडकीतून एस. व्ही. रोडवरच्या दुकानांच्या पाट्या चौथ्या वर्षीच वाचायचा, पण स्वतःच्या नावाला ओ द्यायचा नाही. त्याचा दाखला काढायचा होता. रेल्वे सवलत, शाळेतली सूट, सगळं दाखल्यावर. डॉक्टर भले होते. त्यांनी सांगितलं, १९९५च्या कायद्यात स्वमग्नता नाही. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९च्या कायद्यात आहे, पण तो पालकत्वाबद्दलचा. दाखला देतो, मात्र त्यावर 'मतिमंद' लिहावं लागेल. बाई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, लिहा. नंतर कुठेही झेरॉक्स द्यायची झाली की त्या नेमक्या त्या ओळीवर पिवळी चिकटचिठ्ठी लावायच्या. खिडकीवरचा माणूस कागद परत करायचा, त्या चिठ्ठी काढून पुन्हा झेरॉक्स काढायच्या. दर वेळी. मी एकदा म्हटलं, कशाला हा दुहेरी खर्च? ''दोन रुपये जातात, जाऊ देत. पहिल्या झटक्यात नाही देणार मी तो शब्द.''

डिसेंबर २०१६मध्ये संसदेने नवा कायदा केला, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. १९ एप्रिल २०१७ पासून अंमल. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराला ऑक्टोबर २००७मध्ये मान्यता दिली, त्याप्रमाणे कायदा व्हायला नऊ वर्षं गेली. साताचे एकवीस प्रकार झाले, त्यात स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली. त्या बाईंचा मुलगा तोवर मिसरूड फुटलेला तरुण झाला होता. नवा दाखला हातात पडला त्या संध्याकाळी त्या केंद्रात पेढे घेऊन आल्या. स्वमग्नतेचा दाखला मिळाला म्हणून पेढे वाटणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. जुन्या दाखल्यावरच्या त्या एका शब्दाखाली त्यांनी इतकी वर्षं काढली होती.

मी मात्र त्या कायद्यातलं एकतिसावं कलम शोधत होते. त्यात लिहिलंय की चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि यांतली कुठली, ती निवड मुलाची. शाळेची नाही, डॉक्टरची नाही, अहवाल लिहिणाऱ्या बाईची तर नाहीच नाही. मी ती ओळ कार्डावर लिहून घेतली. भाजीवालीच्या मुलीला त्याआधी सतरा वर्षं ती मिळायला हवी होती.

चाळीस टक्क्यांची रेघ मात्र मला कधी पटली नाही. एकोणचाळीसवाला काय करतो? पालकांची तऱ्हाही विचित्र: दाखल्याच्या वेळी टक्के वाढावेत म्हणून नवस, आणि लग्नाचं बघताना कमी व्हावेत म्हणून. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितलं की हात आखडणाऱ्या उमेदवाराला चाळीस टक्के भरत नाहीत एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरा निकाल आला. लिहिण्याची अक्षमता असलेल्या एका मुलीला वैद्यकीय प्रवेश परीक्षेत हक्काचा जादा तास केंद्राने दिला नव्हता. न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारली, पण झालेला अन्याय कसा भरून काढणार ते आठवड्यात ठरवा, असं परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला बजावलं. दोन्ही निकाल न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठांचे. मी दोन्हींच्या प्रती काढून पालकगटात वाटल्या.

कारण लेखनिकाचं दुःख मी जवळून पाहिलेलं. अध्ययन अक्षमतेला केंद्राच्या कायद्यात जागा नव्हती तेव्हाही महाराष्ट्रात दहावीच्या मुलांना नव्वदच्या दशकापासून सवलती मिळत होत्या, हे आपल्या राज्याच्या बाजूने सांगायलाच हवं. जादा वेळ, लेखनिक, तिसऱ्या भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित. २००७च्या डिसेंबरात 'तारे जमीन पर' आला आणि आमच्या केंद्राबाहेर रांग लागली. एक वडील मला म्हणाले, ''मॅडम, आमच्या मुलाला तारे जमीन पर आहे.'' मी हसले नाही. त्याआधी त्याला ते आळशी म्हणून पट्ट्याने मारत होते.

एका मुलाचा लेखनिक, खालच्या इयत्तेतला शेजारचा पोरगा, परीक्षेच्या दोन दिवस आधी कांजिण्यांनी आडवा झाला. बदली लेखनिकाची मंजुरी हवी, विभागीय मंडळ वाशीला. गोरेगावहून दादर, पूल ओलांडून कुर्ला, तिथून हार्बर. मंजुरी मिळाली. परीक्षेच्या दिवशी केंद्रावरच्या माणसाने विचारलं, मूळ कुठे आहे, ही तर प्रत. शेवटी मूळ सापडलं ते मुलाच्या आईच्या पर्समध्ये, डब्याखाली, आमटी लागलेलं. पेपर पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला.

पण त्या सवलतींपैकी एक माझ्या मनाला अजून लागून आहे. आठवीतल्या एका मुलाला गणित जड जात होतं. मी पालकांना सांगितलं, सातवीचं अंकगणित घ्या, सुटेल. सुटला, दहावीला चांगले टक्के पडले, पेढे आले. जुलैमध्ये तो वडिलांबरोबर आला. त्याला पॉलिटेक्निकला जायचं होतं, लहानपणापासून पंखे-मिक्सर उघडून बसणारा मुलगा. दहावीचं गणित नाही म्हणून ती वाट बंद. मला हे माहीत असायला हवं होतं, आणि माहीत नव्हतं असंही नाही. पण आठवीच्या मुलाच्या तोंडून 'गणित नको' ऐकून मला इतकी दया आली की मी पुढचं बोललेच नाही. तो आता जवाहर नगरात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. भेटला की काच बदलून देतो, पैसे घेत नाही. मी त्या दुकानात जायचं टाळते.

आरेतल्या एका पाड्यावर मी दोन वर्षं दर गुरुवारी जात असे. तीव्र बहुविकलांग मुलांना घरी शिक्षणाचा हक्क २०१२च्या दुरुस्तीने दिला. मुलगा गोधडीवर पडून असायचा, मान सावरायची नाही. दोन वाट्या समोर धरायच्या, एकीत भात, एकीत केळं. तो ज्या वाटीकडे बघेल ती द्यायची. निवड करणं हाच धडा. सात महिने तो कुठेच बघायचा नाही. मग एका गुरुवारी त्याने केळ्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या गुरुवारी वाट्यांची बाजू बदलली तरी केळ्याकडेच. आजी म्हणाली, ''याचा बापबी असाच, भात खात नव्हता.'' हे शिक्षण आहे असं मी वर लिहून पाठवलं तेव्हा परत शेरा आला, 'पाठ्यक्रमाशी संबंध स्पष्ट करावा.' आणि तरीही सांगते, हेच घरचं शिक्षण काही शाळांना फार सोयीचं झालं. नको असलेल्या मुलाच्या नावापुढे 'गृहाधारित' लिहिलं की हजेरीपटावर मूल राहतं आणि वर्गात राहत नाही.

अठरा वर्षं पूर्ण झाली की नवाच डोंगर. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे आई-वडील त्या दिवशी कायद्याने त्याचे पालक उरत नाहीत, हे बहुतेकांना बँकेच्या काउंटरवर कळतं. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती पालक नेमते. उपनगर जिल्ह्याचं कार्यालय वांद्रे पूर्वेला. सत्त्याहत्तर वर्षांचे एक आजोबा मला म्हणाले, ''चाळीस वर्षं याला न्हाऊ घालतोय, आता मी याचा बाप आहे हे कलेक्टर सांगणार.'' मी म्हटलं, हो, आणि तुमच्या नंतर कोण हेही तिथेच ठरवून घ्या. ते बरंच गप्प राहिले. मग त्यांनी फॉर्म मागितला.

निवृत्त होऊन थोडा काळ झाला, तरी फोन येतात. आता पालक मोबाइलवर कलमं वाचून आलेले असतात, माझ्याहून जास्त. तरी शाळेत चहा येतोच आणि ते घरी येऊन फोन करतात. त्यांना मी जे सांगते तेच तुम्हालाही सांगते. अर्ज साध्या कागदावर चालतो, वकील लागत नाही. मुलाचं नाव, वय, इयत्ता, दाखल्याचा क्रमांक आणि काय हवं आहे ते एका वाक्यात. दोन प्रती करा. एक शाळेत द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि शिक्क्यावरची तारीख तिथेच उभं राहून वाचा. बऱ्याचदा ती कालचीच असते.